निर्जन चष्मा

टालिनच्या धक्क्यावर बोट लागली आणि उतरलेले प्रवासी थेट भाड्याच्या चष्म्यांच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिले. कोल्हापूरच्या निवृत्त परिचारिका कुमुदताई शिरगावकर आणि त्यांची मुलगी मृण्मयीही त्यांत होत्या. मृण्मयी हेलसिंकीत नोकरीला होती. आईला एका दिवसात समुद्रापलीकडचं हे जुनं शहर दाखवायला तिनं इकडे आणलं होतं.

निर्जन चष्मा डोळ्यांवर चढवला, की समोरची चालती-उभी माणसं, गाड्या, जाहिराती पुसल्या जात आणि त्यांच्या जागी मागची भिंत, दगडी वाट हुबेहूब रंगवली जाई. सोबतचा कानातला मणी गोंगाट गिळून टाके, कुणाला धक्का लागू नये म्हणून वाट सांगे आणि परकं बोलणं मराठीत ऐकवी.

"रस्त्यावर बसलेली, आडवी झालेली माणसंही काढायची का?" खिडकीतल्या तरुणानं विचारलं. "त्याला तुमची वेगळी संमती लागते."

"भिकारी असणार," कुमुदताई मुलीला म्हणाल्या. "जन्मभर वॉर्डात आडवी माणसंच बघितली. आज नकोत. काढ म्हणावं सगळी."

मग लाल कौलांचं ते शहर खरोखरच त्यांच्या एकटीचं झालं. टेकडीवर जाणाऱ्या चढत्या गल्लीत ताजा बर्फ होता. त्या फोटो काढत पुढे चालल्या होत्या, मृण्मयी चष्मा काढून मागे कॉफी घ्यायला थांबली होती.

"थोडं डावीकडे," मणी म्हणाला. त्या डावीकडे झाल्या. कोटाचं टोक कशात तरी अडकलं. खाली पाहिलं तर नुसता बर्फ. त्यांनी हिसका देऊन कोट सोडवला आणि वर गेल्या.

माथ्यावर काचांवर वाफ धरली, म्हणून त्यांनी चष्मा काढला. खालच्या वळणावर चारपाच माणसं कुणाला तरी उठवू पाहत होती. मृण्मयी त्यांतच होती. कुमुदताई धावत खाली आल्या.

एक म्हातारी पडली होती. तिचा पाय बाहेर वळलेला पाहताच त्यांना खुब्याचं हाड मोडल्याचं कळलं. "उचलू नका," त्या म्हणाल्या. आपली शाल तिच्या अंगावर घालून त्यांनी तिची नाडी धरली. म्हातारी त्यांच्या कोटाकडे पाहत पुटपुटली. मण्यानं मराठीत सांगितलं, "तुम्हीच ना? मी तुमचा कोट धरला होता."

कुमुदताईंची मान खाली गेली.

"आई, तुला त्या दिसल्याच नाहीत," मृण्मयी हळूच म्हणाली. "तुझा काय दोष?"

"मी हो म्हटलं म्हणून दिसल्या नाहीत."

रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी म्हातारीचा गारठलेला हात सोडला नाही. चष्मे लावलेले प्रवासी या सगळ्यांना वळसा घालून हसतमुखानं वर चढत होते. त्यांतल्या एकाला कुमुदताईंनी हाक मारली. तो थांबला नाही.

म्हातारीचं नाव हेल्वे. स्ट्रेचरवर घेताना तिनं विचारलं, "कुठून आलात?"

"भारतातून."

हेल्वेनं वेदनेनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. पाहुण्याला विचारावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "इतक्या लांबून? मग, आवडलं का आमचं शहर?"