कोरड्या डोळ्यांची रीत

छोट्या पांढऱ्या शवपेटीतून बाळ निघालं नाही, काडतुसं निघाली. अमेरिकन गस्तीने ती सरहद्दीच्या पुलावरच जप्त केली आणि नदीअलीकडे क्रांतिकारकांच्या बंदुका रिकाम्या राहिल्या.

फितूर कोण? पेटीबरोबर दोघंच होती. आईचं सोंग घेतलेली तोमासा आणि मामा झालेला लासारो. गस्तीने तोमासाला बाई म्हणून सोडलं. लासारो नदीत उडी मारून निसटला आणि छावणीत परतला. एवढ्यावरून कर्नल बारागानने त्याला गोळ्या घालायचं ठरवलं. लासारोची बहीण पेत्रा छावणीची तारमास्तर. खरा फितूर शोधायला तिला दुपारपर्यंतची मुदत मिळाली. तिला भीती वाटायला हवी होती, पण आत सगळं बधिर होतं.

कोठडीत तिने विचारलं, “पुलावर काय झालं?”

“ताई, सगळं सुरळीत होतं. बाळाला पोचवताना वाजवतात तसं मी व्हायोलिन वाजवत होतो, शिपाई वाट देत होते. तेवढ्यात तोमासामावशीने हंबरडा फोडला. काय सोंग वठवलं म्हणून सांगू.”

“आधी हंबरडा, की आधी पेटी उघडली?”

“आधी हंबरडा.”

लासारोचं अजून लग्न व्हायचं होतं. पेत्राने मात्र एक मूल पुरलं होतं; तो हंबरडा तिला खटकला.

तोमासा चुलीपाशी मक्याच्या भाकऱ्या थापत होती. चार मुलं गेली, ती म्हणाली, एक उरला, निकानोर. त्याला सरकारी फौजेने बाजारातून ओढून नेलं. आता तो समोरच्याच ठाण्यात होता, ज्यावर उद्या हल्ला व्हायचा होता.

“चौघांना पोचवताना रडलात?”

“गेलेलं बाळ देवदूत होतं; आई रडली तर त्याचे पंख भिजतात. कोण रडेल, बाई?”

“मग काल का रडलात?”

तोमासाचे हात थांबले.

पेत्राने कर्नलला बोलावून सगळं उलगडून सांगितलं. तोमासा गस्तीचे कपडे धुवायची. हंबरड्याची खूण तिथेच ठरली. परक्याला आईचं रडणं साहजिकच वाटणार. इथली खरी आई मात्र बाळाला पोचवताना कधीच रडणार नाही.

तोमासाने नाकारलं नाही. “त्या गोळ्या माझ्या पोराला लागल्या असत्या. तुझा भाऊ अडकेल असं वाटलं नव्हतं.”

लासारो सुटला. तोमासाला भिंतीकडे नेलं. जाताना ती एवढंच म्हणाली, “भाकरी करपतेय, उलट.”

पेत्राने भाकरी उलटली. भिंतीकडून गोळ्यांचा आवाज आला. तिचे डोळे कोरडेच राहिले. आणि या वेळी तर रडायला कुठली रीत आडवी येत नव्हती.