नाईलची ओटी

दोन हजार सातच्या त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अल्फारेटात पाऊसच झाला नाही. लॉनवर पाणी मारायला बंदी आली. शेजारपाजारची गवतं एकजात पिवळी पडली, याचं सत्यभामाबाईंना मनातून बरंच वाटलं.

सलत होता तो गराजमधला कलश. त्यात नवऱ्याच्या, एकनाथरावांच्या, अस्थी होत्या. मुलाचं, मोरेश्वरचं, ग्रीन कार्ड अडकलेलं, देशाबाहेर जाता येईना, म्हणून वाईला जाऊन कृष्णेत सोडायचं दर वेळी कॅन्सल.

"आई, जरा थांब ना," तो म्हणायचा.

"तुझ्या बापाचं जेवण होईस्तो जन्मभर ताटाशी उभी राहिले. आता त्याला वाहू दे, म्हणजे मी बसेन."

अस्थी वाहिल्याशिवाय माणूस सुटत नाही, आणि तो सुटल्याशिवाय आपण सुटत नाही, एवढं कळायला त्यांना शाळा लागली नव्हती.

नात नैनाने शाळेसाठी नदी केली. ट्रेमध्ये माती, मधोमध निळा रंग, काठाला गहू पेरलेले.

"आजी, धिस इज नाईल. इजिप्शियन लोकांचं सगळं तिच्यावर. दरवर्षी फ्लड यायचा, काळी माती आणायचा. नाहीतर फूडच नाही."

"म्हणजे आईच की गं."

"काइंड ऑफ."

ट्रे गराजमध्ये ठेवला होता. दुपारी घरात कोणी नसताना बाईंनी खण, तांदूळ, सुपारी घेतली. विधवेने ओटी भरू नये म्हणणारं इथे होतं कोण? नदीची ओटी भरून त्यांनी निळ्या रंगावर चिमूटभर राख सोडली.

"माझा माणूस घे बाई, आणि मला मोकळी कर."

सकाळी ट्रेमधले गहू वीतभर वर आले होते. निळा रंग ओला होता. खाली काँक्रीटवर काळा गाळ पसरलेला. पाणी कोणीच घातलं नव्हतं.

कलश उचलला तर हलका. आत चिमूटभरही राख नाही.

"गेला एकदाचा," बाई पुटपुटल्या.

संध्याकाळी नैनाला वाढून त्या स्वतःही टेबलाशी बसल्या. गरम भाकरीचा तुकडा मोडला. कितीतरी वर्षांनी घास गोड लागला.

"नाईल नेते ना गं मेलेल्यांना?"

"नो, आजी. कृष्णा नेते, असं बाबा म्हणतो. इजिप्शियन लोक बॉडी सांभाळून ठेवायचे. जेवण पण ठेवायचे. दे कम बॅक."

बाईंचा घास तोंडातच राहिला.

गराजचं दार किलकिलं होतं. फरशीवर ओला काळा गाळ, पावलापावलाने टेबलापर्यंत आलेला.

मधली खुर्ची मागे सरकलेली होती.

"तू ओढलीस?"

"नो."

खुर्चीवरची उशी हळूहळू दबत गेली. नैनाने आपला ग्लास थोडा बाजूला घेतला, कोणाचा कोपर लागू नये तसा.

सत्यभामाबाई ताटावरून उठल्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला.