बुटक्या गुलाबांचं ऊन

दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहायचं आणि त्यातलं काहीही मनाला लावून घ्यायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत ती डोळे तपासायची. समोरच्याची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकलेली, आणि तिचा चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर. नवखी माणसं श्वास रोखून बसायची, एखादा लाजायचाही. तिला मात्र बुबुळ दिसायचं, बाहुली दिसायची, क्वचित कुणाचा कोवळा मोतीबिंदू दिसायचा. तेवढंच.

त्या सकाळी रिमझिम आणि वारा, म्हणून तो आला. समोरच्या बांधकामावरचा क्रेनचालक. अशा हवेत क्रेन बंद असते, तेवढ्यात डोळ्यांचा दाखला घेऊन टाकावा, असा त्याचा हिशेब. एवढ्या उंच बसतो म्हणून कामावरचे लोक त्याला ‘घार’ म्हणत.

“खालून दुसरी ओळ वाचा.”

त्याने वाचली. मग न सांगता शेवटचीही वाचली.

“त्याच्या खाली छापखान्याचं नाव आहे. तेही वाचू?”

“परीक्षा नाहीये ही. घाई कसली?”

“घाई नाही. दिसतं, म्हणून…” तो जरा घुटमळला. “तुमच्या टोकाच्या कुंडीतली पानं पिवळी पडलीत. तीही दिसतात वरून.”

तिने खटकन दिवा लावला.

“कुठली कुंडी?”

“गच्चीवरची. पाणी जास्त होतंय बहुतेक तिला.”

“आणि ती गच्ची माझी, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही. गच्चीवर तुम्ही अंबाड्यात कात्री खोचता. इथं पेन खोचलंय.”

तिचा हात आपसूक अंबाड्याकडे गेला. मग तिने दाखल्यावर ‘दृष्टी उत्तम’ असा शेरा मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली. संध्याकाळी मात्र ती तडक गच्चीवर गेली आणि टोकाच्या कुंडीत बोट खुपसून पाहिलं. माती चिखल झालेली. तळाचं भोक मुळांनी पार बुजवून टाकलं होतं. तिला राग आला, आणि तो कुंडीवर नव्हता.

कुंड्या बारा. सगळे बुटके गुलाब, गुडघ्याच्या वर न जाणारे. लोकांना वाटायचं, हिने झाडं खुरटवली. ती समजावून सांगायची, जातच तशी असते. बसायला जागा कमी लागते, पण उन्हाच्या बाबतीत एका इंचाचीही तडजोड नाही. अर्धा दिवस लख्ख ऊन मिळालं नाही, तर नुसता पाला वाढतो आणि कळी रुसून बसते. ती आणि तिचे निवृत्त बाबा दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहायचे. सांगून आलेल्या प्रत्येक स्थळात ती चष्म्याच्या नंबरासारखा दोष काढून दाखवायची. शेवटी बाबांनी हात टेकले. “माझ्या बारा नाती झाल्यात, मला आणखी काय हवं?” असं म्हणत ते गुलाबांनाच पाणी घालू लागले. पिवळ्या पानांचं रहस्य तिथं उलगडलं. त्या कुंडीला दोघंही पाणी घालत होते.

म्हणजे क्रेनवाल्याचं खरं होतं. खरं ते खरं म्हणायची तिला खोड होती, त्यामुळे तो धुळीचा गॉगल बदलायला आला तेव्हा तिने ते सांगून टाकलं. मग तो गॉगलच्या काचेचं निमित्त काढून आला. मग निमित्ताशिवायच आला. कधी बांधकामाच्या फाटकाशी, कधी दुकानाच्या पायरीवर, दोघं चहाचा कप हातात धरून उभे राहू लागले.

“वर एकटं कंटाळा नाही येत?” तिने विचारलं.

“कंटाळायला फुरसत कुठं? खाली खुणा करणारा असतो, त्याच्या हातांवर नजर ठेवायची. हे असं बोट वर करून गोल फिरवलं की वर घे. दोन्ही हात असे आडवे पसरले की थांब.”

“आणि भलत्याच कुणी खुणा केल्या तर?”

“बाकीच्या मानायच्या नाहीत. पण थांबाची खूण कुणीही करू दे… मुकादम, पोस्टमन, रस्त्याने जाणारी आजी. मानावीच लागते. हातातलं सगळं जागच्या जागी थांबवायचं, मग विचारायचं का ते.”

तिला हा नियम आवडला. दुसऱ्या दिवशी तिने त्याला एक कुंडी दिली, क्रेनच्या केबिनमध्ये ठेवायला. तांबड्या, बटणाएवढ्या कळ्यांची.

महिन्याभराने तो कुंडी घेऊन खाली आला. फुलं सुकून त्यांच्या जागी हिरवी फळं धरली होती, नवी कळी एकही नाही.

“कापायला सांगितलं होतं ना, फूल सुकलं की?”

“हात धजावला नाही हो. इतकं सुंदर होतं ते…”

“झाडाला वाटतं, फळ धरलं, काम संपलं. पाच पानांची डहाळी पाहायची आणि तिच्या वर कापायचं, भीड न ठेवता.” तिने अंबाड्यातली कात्री काढून कापलंसुद्धा.

“तुम्ही सगळंच असं भीड न ठेवता कापता?”

तिने कुंडी त्याच्या हातात दिली.

इमारत चढत होती. एका सकाळी ती गच्चीवर आली तर कुंड्यांवर सावली पडलेली. तिने मान वर केली. रात्रीतून काही झालं नव्हतं. रोज थोडं थोडं होत आलं होतं, आणि ते तिला आज दिसलं. आकाशात क्रेनच्या हुकाला आणखी एका मजल्याच्या सळ्या लटकत होत्या. इतरांच्या डोळ्यांतले दोष काढणारीला आपल्याच गच्चीवरचं ऊन जाताना दिसू नये!

जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला फाटकाशी गाठलं.

“तुम्हाला माहीत होतं.”

“पहिल्या दिवसापासून,” तो म्हणाला. “तपासणीच्या खुर्चीत तेच सांगायला तोंड उघडलं होतं. धीर झाला नाही. पिवळ्या पानांवर निभावलं.”

“आणि माझ्याबरोबर चहा पीत माझंच ऊन झाकत राहिलात?”

“काम आहे ते माझं. मी नाही तर दुसरा कुणी उचलेल.” तो खाली पाहत होता. “पण सगळं ऊन नाही जाणार. टाकीमागचा कोपरा आहे ना, तिथं दुपारभर राहतं. सावली कुठवर सरकते ते रोज बघतोय मी. दोन रांगा केल्या तर बाराही मावतील.”

ती परतली. दोन दिवस तिने तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी बाबांच्या मदतीने कुंड्या ओढत टाकीमागे नेल्या. सहा एका रांगेत, पाच दुसऱ्या. शेवटची जागा रिकामी. थोड्याच दिवसांत फांद्यांच्या टोकांना कोवळी तांबूस फूट आली, आणि तिचा राग विरघळला. प्रेम की काय म्हणतात ते हेच का, असंही एकदा मनात आलं. तिने तो विचार पाच पानांच्या वर कापला.

मग इमारत पूर्ण झाली. क्रेन उतरवायला माणसं आली, आणि चार दिवसांत ती उतरलीही.

“दोन कामं आलीत,” तो पायरीवर उभा राहून म्हणाला. “एक लांब, बंदरावरचं. मोठी क्रेन. एक इथंच, दवाखान्याची नवी इमारत. छोटंसं काम. उद्या बंदराची गाडी आहे… काय करू?”

ती चष्म्याची काच पुसत होती. पुसलेलीच काच तिने परत पुसली.

“बंदराचं घ्या. ऊन चांगलं असेल तिथं. गुलाबाला.”

“गुलाबाला,” तो म्हणाला. “बरं.”

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली, आणि गच्चीवर जाऊन बसली. जिथं क्रेन होती तिथं नुसतं आकाश होतं, आणि ते तिला सहन होईना. खाली फाटक उघडलं. तो बाहेर पडला. पाठीवर पिशवी, हातात कुंडी. कुंडीत एक तांबडी कळी! म्हणजे कापायला शिकला होता. वळणापाशी त्याने सवयीने एकदा गच्चीकडे पाहिलं.

तिने दोन्ही हात आडवे पसरले.

तो जागच्या जागी थांबला. मागून येणारी सायकल त्याच्यावर आदळता आदळता राहिली.

हात तसेच ठेवून ती उभी होती. थांबवलं खरं, पण पुढे काय? बाबा टाकीआडून म्हणाले, “अगं, खांदे भरून येतील. पुढची खूण कर की!” त्यांना सगळं ठाऊक होतं तर. तिने उजवा हात उंच केला, तर्जनी आभाळाकडे नेली आणि गोल फिरवली.

जिने चढून तो वर आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

“थांबवलंत,” तो म्हणाला. “आता विचारतो… का?”

“मला तुम्ही इथं हवे आहात,” ती म्हणाली. तिचा आवाज कापला आणि तिने तो कापू दिला. “दवाखान्याचं काम घ्या.”

त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. या वेळी तिला बुबुळ दिसलं नाही की बाहुली दिसली नाही.

“ती रिकामी जागा रोज दिसायची मला वरून,” तो हळूच म्हणाला. “विचारायचा धीर झाला नाही.”

“मग ठेवा आता तिथं.”

त्याने वाकून कुंडी रांगेत ठेवली, आणि कळी उन्हाकडे येईल अशी जराशी फिरवली.