उलट्या आट्यांची सायकल

"पुन्हा ढिली झाली," मावशीने सायकल अंगणातल्या भिंतीला टेकवली आणि पदराने कपाळ पुसलं. "निम्म्या चढापासून ढकलत आणली. पायडल मारलं की कट् आणि सोडलं की कट्."

टिल्ली आणि तिचा दादा तळ्यावर निघाले होते, ते बुटांच्या नाड्या हातातच धरून थांबले. सुट्टी लागल्यापासून दोघं मावशीकडे मुक्कामाला होती. मामा आणि त्याचा मुलगा ढापण्या इथेच राहायचे. ढापण्याचा चष्मा त्याच्या नाकापेक्षा मोठा होता, म्हणून हे नाव.

मावशी नर्स होती. टेकडीपलीकडच्या वस्तीत घरोघरी जाऊन ती जखमांच्या पट्ट्या बदलायची, तान्ह्या बाळांची वजनं करायची. नोकरी लागली तेव्हा घेतलेली ही काळी, जडशीळ लोखंडी सायकल अजून तिच्या दिमतीला होती.

मामा आतून पाना घेऊनच आला. रेडिओपासून नळापर्यंत सगळं तो स्वतः दुरुस्त करायचा. निदान दुरुस्त करायला घ्यायचा तरी.

"ताई, काल आवळली, परवा आवळली. रोज आवळतोय मी. दोन पायडलांच्या मधला हा कणाच गेलाय तिचा. उद्या सकाळची फेरी मार, मी पातळ पाना शोधून आणतो आणि शेवटचं आवळून देतो. उद्याच संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलंय."

"मग मी वस्तीत कशी जाऊ?"

"दवाखान्यात टेबलावरच्या कामाला बस की. साहेब कधीपासून म्हणतायत. आता वय झालं, तिचंही आणि..." मामाने पुढचे शब्द गिळले.

मावशी आत गेली. हात धुताना तिने नळ बराच वेळ सुरूच ठेवला होता. टिल्लीला ते काही बरं वाटलं नाही.

तळं राहिलं बाजूला. तिघं जिन्याखाली जमले.

"बाबा आवळतात तेव्हा सायकल खरंच घट्ट असते," ढापण्या कुजबुजला. "मी हलवून बघितलीय. मग दुसऱ्या दिवशी ढिली कशी होते? कोणीतरी मुद्दाम ढिली करतंय."

"कोण करणार?" दादाने विचारलं.

"ज्याला ती हवीय तो. भंगारवाला."

"उगाच कोणावर आळ घेऊ नकोस," टिल्ली म्हणाली. "आधी पुरावा." ती धावत जाऊन नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली घेऊन आली. पायडलांचा कणा ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या दोन्ही तोंडांना वाटीसारखी झाकणं असतात. वाटीच्या आतल्या कडेने छर्रे बसतात आणि त्यांच्यावर कणा फिरतो. उजवीकडच्या वाटीवरून थेट नळीपर्यंत टिल्लीने बारीक लाल रेघ ओढली. "वाटी जराशी जरी फिरली, तरी रेघ तुटेल."

तेवढ्यात मामा आला. चेनच्या चक्रामागून त्याने पातळ पाना सरकवला, दात-ओठ खाऊन उजवीकडची वाटी फिरवली, मग डावीकडची फिरवली. "घ्या, दगड झाला दगड," म्हणत तो चहाला गेला.

टिल्लीने वाकून पाहिलं. रेघेचे दोन तुकडे झाले होते. ते ठीकच होतं, मामानेच तर वाटी फिरवली होती. दोन तुकड्यांत किती अंतर पडलंय, ते तिने नखाने मोजून ठेवलं.

सकाळी मावशी निघायच्या आधी तिघं पुन्हा सायकलपाशी गेले. अंतर तेवढंच होतं.

"म्हणजे रात्री कोणी हात लावला नाही," दादा म्हणाला. "सुटला तुझा भंगारवाला."

"पण हे बघ." टिल्लीने बोट दाखवलं. वाटी आणि नळी यांच्यामध्ये चकचकीत आटे दिसत होते. जुन्या रंगाचा त्यांना स्पर्शही नव्हता. "आवळली असती तर वाटी आत गेली असती. ही तर बाहेर आलीय. वाटी ढिली करणारा माणूस सापडला."

ढापण्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाबा?"

कोणीच हसलं नाही.

"पण ते उजवीकडेच फिरवत होते," तो हळूच म्हणाला. "सगळं उजवीकडेच आवळतात ना? बाटलीचं झाकण, नळ, स्क्रू."

"सगळं नाही," टिल्ली म्हणाली. "टेबलफॅनची पाती धुताना मधली टोपी काढतो ना आपण? ती उजवीकडे फिरवली की सुटते. फिरता फिरता आपोआप निघू नये म्हणून तिचे आटे मुद्दाम उलटे पाडलेले असतात. ही वाटी तशीच असणार. मामा उजवी ढिली करतो आणि डावी आवळून डुगडुग तेवढ्यापुरती दाबून टाकतो. मावशी चढावर गेली, जोर पडला, की सगळं पुन्हा मोकळं."

त्या दिवशीही मावशी सायकल ढकलतच परतली.

"मावशी, संध्याकाळपर्यंत सायकल आम्हाला देशील?" दादाने विचारलं.

"घ्या. तशीही जायचीच आहे," ती म्हणाली आणि पडायला आत गेली.

मामा कामावर होता. मामाची पेटी उघडली, सायकल उलटी केली आणि तिघं कामाला लागले. पायडलांच्या दांड्या कण्याला खिळ्यांनी जखडलेल्या होत्या. खिळ्यावर लाकडाचा तुकडा धरून दादाने हातोडीचे बेताने ठोके घातले. दांड्या निघाल्या. डावी वाटी काढली, कणा ओढला आणि छर्रे टणाटण ताटात पडले. आतलं ग्रीस वाळून डांबर झालं होतं. काही छर्ऱ्यांना खड्डे पडले होते.

ढापण्या नमुन्याचा छर्रा घेऊन दुकानात पळाला आणि त्याच मापाचे नवे घेऊन आला. तोवर टिल्लीने वाट्या रॉकेलने धुतल्या. आत बोट फिरवून पाहिलं तर कडा गुळगुळीत होत्या. कण्यालाही ओरखडा नव्हता.

"काही गेलेलं नाही हिचं," ती म्हणाली. "उगाच म्हातारी ठरवली."

आता उजवी वाटी. दादाने पाना लावला, पण त्याचा हात थबकला. "चुकलो तर आटे जातील. मग खरंच भंगार."

"थोडीच फिरव. चकाकी कमी होतेय का, मी बघते."

दादाने पाना डावीकडे ओढला. चकचकीत आट्यांची कड बारीक होत होत दिसेनाशी झाली. दोघांनी मिळून शेवटचा जोर दिला आणि वाटी नळीला चिकटून बसली.

मग ताजं ग्रीस, त्यात एकेक छर्रा, वर कणा. एक छर्रा कमी भरला. तिघांनी जमिनीवर लोळण घेतली, पायपुसणं झटकलं. अखेर तो ढापण्याच्याच कोपराला ग्रीसमध्ये चिकटलेला निघाला.

खरी कसोटी शेवटी लागली. डावी वाटी जास्त आवळली की कणा करकरायचा, कमी आवळली की डुगडुगायचा. दादाने प्रयत्न केला, ढापण्याने केला. मग टिल्लीने डोळे मिटले आणि कणा दोन बोटांत धरून फिरवला. केसभर आवळ, थोडं सोड, पुन्हा केसभर. एका जागी कणा लोण्यातून फिरावा तसा फिरला आणि हलवून पाहिला तर ठाम राहिला. "इथेच," ती म्हणाली. ती वाटी धरून बसली आणि दादाने वाटीला जागेवर पक्कं धरणारं वरचं कडं आवळून टाकलं.

दांड्या बसवून होतात तोच मामा भंगारवाल्याला घेऊन फाटकात आला.

"अरे, हे काय मांडलंय?"

ढापण्या पुढे झाला. त्याचे कान लाल झाले होते. "बाबा, सायकल बिघडली नव्हती. उजवीकडचे आटे उलटे आहेत. तुम्ही रोज ती वाटी सोडवत होता."

मामाने तोंड उघडलं. टिल्लीने त्याला तुटलेली लाल रेघ दाखवली आणि सगळं नीट सांगितलं. मामा सायकलपाशी उकिडवा बसला, दांडी धरून जोरात हलवली. काही हललं नाही. त्याने आणखी जोर लावला, तरी नाही.

मावशी केव्हा बाहेर आली, ते कोणाला कळलं नाही. तिने सायकल हातात घेतली, टांग मारली आणि सरळ चढाच्या रस्त्याला लागली. सगळे फाटकात उभे राहून बघत होते. चढाच्या तोंडाशी ती पायडलांवर उभी राहिली, तेव्हा 'कट्' ऐकू येतंय का म्हणून टिल्लीने कान टवकारले. मावशी वळणाआड गेली, आणि बऱ्याच वेळाने टेकडीच्या माथ्यावर दिसली. सायकलवर बसलेली.

"मग माझं काही काम नाही म्हणा," भंगारवाला हसत म्हणाला. "बरं झालं. असल्या सायकली तोडायला माझाही हात धजत नाही."

मावशी धापा टाकत परतली, पण चेहरा फुलला होता. "आवाज नाही रे कसलाच," ती म्हणाली. तिने टिल्लीचे ग्रीसने माखलेले हात तसेच आपल्या हातात घेतले. "उद्या वस्तीत सगळ्यांना सांगणार आहे. माझ्या पोरांनी मला टेबलावर बसू दिलं नाही म्हणून."

मामा डोकं खाजवत होता. "इतकी वर्षं हातात पाना धरतोय, पण आधी बघावं आणि मग फिरवावं, हे काही सुचलं नाही मला." त्याने ढापण्याच्या पाठीवर थाप मारली. "आणि बापाला तोंडावर सांगितलंस. शाबास."

मग तो आत गेला आणि आपली जुनी सायकल ढकलत घेऊन आला.

"हिचं पुढचं चाक जरा डुलतं," तो म्हणाला आणि पायरीवर हाताची घडी घालून बसला. "मी हात लावत नाही. तुम्ही सांगा, कुठून सुरुवात करायची?"