हात न लावता लिहिलेला प्रोग्रॅम

“गेला! पुन्हा गेला!” ललित खुर्चीवरून उडालाच.

पडदा काळाठिक्कर पडला होता. क्षणापूर्वी तिथे उज्वलाचा पाढे विचारणारा प्रोग्रॅम होता. उत्तर चुकलं की ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणणारा, आणि तीनदा चुकलं की ‘आता आईला विचारा’ म्हणणारा! सकाळपासून खपून तिने तो लिहिला होता. आता तिथे काहीच नव्हतं. खोक्यातून ‘टुक’ असा आवाज आला आणि कॉम्प्युटर झोपेतून उठल्यासारखा आपला आपण पहिल्यापासून सुरू होऊ लागला.

“सेव्ह केला होतास ना?” सरिताताईंनी विचारलं.

“करणारच होते!” उज्वला रडकुंडीला आली.

“मग ‘करणारच होते’ नावाची फाईल शोध आता,” ललित म्हणाला आणि त्याच्या पाठीत बहिरूचा गुद्दा बसला.

सातपूरच्या नवप्रकाश वाचनालयात हे असं आठवडाभर चाललं होतं. २००१ सालची मे महिन्याची सुट्टी. ग्रंथपाल सरिताताईंनी मुलांसाठी ‘प्रोग्रॅम मंडळ’ काढलं होतं. वाचनालयाला कुणीतरी देणगी दिलेला एकुलता एक कॉम्प्युटर हिवाळाभर फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून होता. दसऱ्याला त्याची पूजा झाली, हळदकुंकू लागलं, हार पडला. पण चालू करायची हिंमत कुणाची झाली नाही. ताईंनी तो हार काढला, कापड काढलं आणि मुलांना म्हणाल्या, “बसा. बिघडला तर बघू.”

आता तो खरंच बिघडला होता की काय?

“काय चाललंय हे?” दारातून दणदणीत आवाज आला. वाचनालयाचे चिटणीस झुंबरराव आत आले. पडद्यावर भराभर पळणाऱ्या पांढऱ्या अक्षरांकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारला. “बिघडवलात ना शेवटी? हिवाळाभर कसा शहाण्यासारखा बसला होता!”

“काका, तो बंद होता म्हणून शहाणा होता,” ललित पुटपुटला.

“कोण बोललं ते? मुलं आली आणि हा बंद पडायला लागला. आणखी काय पुरावा पाहिजे? तुमच्या त्या फ्लॉप्यांमधून व्हायरस आला असणार. हात तरी धुऊन येता का?”

“काका, हात धुऊन तो व्हायरस जात नाही,” उज्वला म्हणाली.

“मला शिकवू नकोस!” झुंबररावांनी खिशातून पेन काढलं आणि एका कागदावर ताडताड लिहून तो टेबलावर आपटला. “हा माफीनामा. ‘आम्ही कॉम्प्युटर बिघडवला, आम्हाला क्षमा करावी.’ सगळ्यांनी सह्या करा. नाहीतर रविवारच्या सभेत मी ठरावच मांडतो. माझ्या ओळखीच्या एकांचा कॉम्प्युटर क्लास आहे, हे यंत्र त्यांना देऊन टाकू. तिथे तरी नीट राहील.”

त्या क्लासची पाटी उज्वलाने पाहिली होती. तिथली फी विचारायलासुद्धा तिचे बाबा आत गेले नव्हते. कॉम्प्युटर इथून गेला की तिच्यासाठी तो संपलाच.

सही केली तर? नुसती एक सही!

तिने कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

“सही कर,” झुंबरराव म्हणाले.

“नाही करणार. आम्ही तो बिघडवलेला नाही. जे केलंच नाही, त्याची माफी कशी मागू?”

संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरवर पाटी लागली : ‘मुलांनी हात लावण्यास सक्त मनाई.’

वाचनालयाच्या पायऱ्यांवर तिघं बसली.

“सही करून टाकली असती तर काय बिघडलं असतं?” ललित म्हणाला. “माझा भाऊ तर न वाचताच कशावरही सही करतो.”

“एकदा सही केली, की कायमचं तेच खरं ठरतं. नाही करायची!” उज्वला उसळली. “तो का बंद पडतो ते शोधायचं.”

“वीज जात असंल,” बहिरू म्हणाला. तो मूळचा हरसूलचा. शाळेसाठी सातपूरला मावशीकडे राहायचा. “आमच्या गावी तर ती येते कमी नि जाते जास्त.”

“पण पंखा चालूच असतो की,” ललित म्हणाला. “आणि वीज जायला हे काय जंगल आहे? एवढं मोठं एकलहऱ्याचं वीज केंद्र आपल्या शेजारी!”

“पंखा चालू असतो, पण कण्हतो,” बहिरू शांतपणे म्हणाला.

“काय?”

“कण्हतो. कॉम्प्युटर जातो ना, तेव्हाच पंखा जरा दमतो. मंग पुन्हा पळतो. मी दोनदा बघितलं. मला वाटलं, म्हातारा झालाय.”

उज्वला ताडकन उभी राहिली. त्यांच्या चाळीत पाण्याची मोटर सुरू झाली की घरातला दिवा असाच मिटमिटायचा! म्हणजे कुठलीतरी मोठी मोटर सुरू होत होती, आणि ती वाचनालयाचीच वीज ओढत होती. पण वाचनालयात मोटर आली कुठून?

“काका म्हणतात, मुलं आली आणि हे सुरू झालं,” ती हळूहळू म्हणाली. “आपण उन्हाळ्याच्या सुट्टीत आलो. पण उन्हाळ्याबरोबर आणखी काय काय आलं?”

“आंबे,” ललित म्हणाला. “घामोळं. माझी आत्या.”

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, छुम... छुम... छुम...

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

सहादूमामांचं रसवंती गृह! दर उन्हाळ्यात वाचनालयाच्या मागच्या भिंतीला टेकून त्यांचं पाल उभं राहायचं. उसाच्या चरकाला बांधलेली घुंगरं दिवसभर वाजायची. इतकी की त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं सरिताताईंसमोर हजर झाली.

“अरे, पण तुम्हाला हात लावायला मनाई आहे,” ताई म्हणाल्या.

“हात लावायला आहे. तोंडाने सांगायला नाही!” उज्वलाने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. “मी सांगते, तुम्ही टाईप करा.”

ताईंनी पाटी एकदा नीट वाचली. मग पदर खोचला. “सांग.”

“कॉम्प्युटरने सा वाजवायचा. मग रे. मग ग, म, प. आणि पुन्हा पहिल्या ओळीवर जायचं. थांबायचंच नाही.”

“न थांबणारा प्रोग्रॅम? मी तुम्हाला नेहमी सांगते ना, असं करू नका म्हणून?”

“आज मुद्दाम करायचंय, ताई. त्याला आपण थांबवायचंच नाही. कोण थांबवतं, ते बघायचंय!”

हात न लावता प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे काय, हे ज्याने केलं आहे त्यालाच कळेल. एक स्वल्पविराम चुकला आणि उज्वलाचा हात आपोआप पुढे आला.

“हात! हात!” ललित किंचाळला. हात पुन्हा मागे गेला.

अखेर कॉम्प्युटर पिपाणीसारखा गाऊ लागला, सा रे ग म प, सा रे ग म प. ललित पडद्यासमोर बसला, बहिरू मागच्या खिडकीत, आणि उज्वला मध्ये.

छुम... छुम...

“घुंगरं वाजली!” बहिरू ओरडला.

सा रे ग म प. कॉम्प्युटर आपला मजेत गातच होता.

पुन्हा घुंगरं. पुन्हा गाणं चालूच. दुपार होत आली. ललितला जांभया यायला लागल्या. “संपलं. रसवंतीचा काही संबंध नाही. चला, निदान रस तरी पिऊ.”

उज्वलाचा चेहरा उतरला. तिला खिशातला कागद टोचायला लागला.

तेवढ्यात कारखान्यांची पहिली पाळी सुटली. सायकली, मोटारसायकली, माणसंच माणसं! सहादूमामांच्या पालाला गराडा पडला. आणि भिंतीपलीकडून आवाज आला : छुमछुमछुमछुमछुम!

सा रे ग— टुक!

“थांबला!” ललित ओरडला.

“पंखा कण्हला!” बहिरू ओरडला. “आणि हे वेगळं वाजतंय! आधीचं धीमं होतं. आता लय जोरात!”

उज्वला धावतच मागे गेली. गर्दीतून वाट काढून तिने चरकाकडे पाहिलं. दोनचार ग्लास असले की मामा हाताने चाक फिरवायचे. पण आता चाकाला पट्टा चढवला होता, आणि खाली एक करकरीत मोटर घरघरत होती.

“मामा, मोटर कधी घेतली?” तिने विचारलं.

“औंदाच, बाय! गर्दीला हात पुरत नाय आता.” मामा खुशीत हसले.

मोटरची काळी वायर पालावरून कडुनिंबात शिरली होती. बहिरूने फांद्यांतून बोट नेत नेत तिचा माग काढला.

“हात लावू नकोस!” उज्वला ओरडली.

“आज काय, कशालाच हात लावायचा नाय,” तो म्हणाला.

वायर फांद्यांमधून थेट वाचनालयाच्या मागच्या भिंतीतल्या उंच झरोक्यात गेली होती!

सरिताताईंना तिने सगळं दाखवलं. “आत्ताच जाऊन झुंबररावांना सांगू या,” ताई म्हणाल्या.

“एकट्यात सांगितलं, तर ते एकट्यातच ‘बरं बरं’ म्हणतील. पाटी मात्र सगळ्यांसमोर लावली होती.” उज्वलाने मान ताठ केली. “ताई, रविवारी सभेला रस मागवतात ना? दरवेळी?”

“दर उन्हाळ्यात. झुंबररावच मागवतात.” बोलता बोलता ताईंच्या डोळ्यांत चमक आली. “किती गं चतुर आहेस तू!”

रविवारी सकाळी सभा भरली. अध्यक्ष होत्या वत्सलाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या सातपूरला त्यांनी शुद्धलेखन शिकवलं होतं. भिंतीला तिघं मुलं उभी होती, हात मागे बांधून. कोपऱ्यात कॉम्प्युटर गात होता.

“ही कसली पिपाणी?” झुंबरराव वैतागले.

“काका, ‘कॉम्प्युटर बिघडला आहे’ असं तुम्ही सभेला सांगणार आहात ना? तो बिघडलेला नाही, हे तो स्वतः सांगतोय,” उज्वला म्हणाली.

“आणि हात कुणी लावला?”

“कुणीच नाही. उज्वलाने सांगितलं, मी टाईप केलं,” सरिताताई म्हणाल्या. “पाटीवर मला मनाई नाही.”

वत्सलाबाईंनी चष्मा सारखा केला. “वाजू दे. झुंबरराव, बोला.”

झुंबररावांनी घसा खाकरला. “सभासदहो, मुलांच्या बेजबाबदार वागण्यामुळे... अं, फार उकडतंय. आधी रस होऊ द्या.” ते खिडकीशी गेले. “सहादू! दहा ग्लास!”

तिघांनी श्वास रोखला. सा रे ग म प... सा रे ग म प...

छुमछुमछुमछुमछुम! पंखा कण्हला. सा रे— टुक!

पडदा काळा.

“बघा! बघा!” झुंबररावांना हर्षवायूच झाला. “तुमच्या डोळ्यांदेखत बंद पडला!”

“कुणी बंद पाडला, काका?” उज्वला एक पाऊल पुढे आली. “आमचे हात मागे आहेत. खोलीत कुणी जागचं हललं नाही. हललात ते तुम्ही! तुम्ही रस मागवलात आणि तो गेला!”

“काय वाट्टेल ते बोलते ही पोरगी!”

“मग पुन्हा मागवू या की,” वत्सलाबाई शांतपणे म्हणाल्या. “सरिता, गाणं लाव. मीच मागवते.”

गाणं पुन्हा सुरू झालं. बाई खिडकीशी गेल्या. “सहादू, दोन ग्लास दे रे!”

छुम... छुम... सा रे ग म प, सा रे ग म प. काही झालं नाही. झुंबररावांनी छाती फुगवली.

“बाई, आता आणखी दहा मागवा,” उज्वला म्हणाली. “दोन ग्लास मामा हाताने काढतात. दहाला मोटर लावतात.”

“सहादू, अजून दहा!”

छुमछुमछुमछुम! टुक!

सभेत हशा पिकला. एक म्हातारे सभासद तर टाळ्या वाजवून म्हणाले, “अजून एकदा! अजून एकदा!”

तेवढ्यात सहादूमामा दोन्ही हातांत ग्लासांच्या जाळ्या घेऊन आत आले आणि एवढी माणसं आपल्याकडेच बघताहेत म्हणून गोंधळले. “काय झालं? लिंबू जास्त झालं का?”

“सहादू, तुझ्या मोटरला वीज कुठून येते?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“इथूनच की! झुंबरदादांनीच जोडू दिली ना.” मामांनी भोळेपणाने झुंबररावांकडे पाहिलं. “म्हणले, दोनचार दिवस वापर. म्हणून तर औंदा सभेचा रस माझ्यातर्फे!”

झुंबररावांचा चेहरा पिळलेल्या उसाच्या चिपाडासारखा झाला. “मला... माझ्या लक्षातच राहिलं नाही. दोनचार दिवसांचंच ठरलं होतं. मोटरीने असं होईल हे मला कुठे ठाऊक?”

“ठाऊक नव्हतं, हे खरं मानते,” वत्सलाबाई म्हणाल्या. “पण ठाऊक नसताना या मुलांकडून माफीनामा मागितलात, सरिताने सांगितलंय मला. तुम्ही ओरडलात आणि यांनी शोधलं, एवढाच फरक. सहादू, आजच वायर काढ आणि स्वतःचं कनेक्शन घे. अर्ज मी लिहून देते. आणि उज्वला, शाळेत मी आयुष्यभर मुलांना एकच शिकवायला धडपडले : न पटलेल्या गोष्टीवर सही करायची नाही. ते तुला कुणी शिकवलं, बाळ?”

उज्वलाने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि झुंबररावांसमोर ठेवला.

“यावर मी... सही करायची का?” झुंबररावांनी पडेल आवाजात विचारलं. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

“नको, काका. आम्हाला माफीनामा नकोय. आम्हाला कॉम्प्युटर हवाय. रोज. आणि फक्त आम्हालाच नाही, सातपूरच्या ज्या मुलाला शिकायचंय त्याला!”

सगळ्या सभासदांनी हात वर केले. झुंबररावांचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला.

वत्सलाबाईंनी उठून ती पाटी स्वतः काढली. मग मुलांकडे वळून म्हणाल्या, “अजून हात मागे? अरे, पुढे घ्या ते!”

उज्वला खुर्चीत बसली. बोटं आखडली होती. पाढ्यांच्या प्रोग्रॅमची पहिली ओळ तिने पुन्हा लिहिली. भिंतीपलीकडे मामा हाताने चाक फिरवत होते, छुम... छुम...

“ए, थांब!” ललित आणि बहिरू एका सुरात ओरडले. “आधी सेव्ह कर!”