कॉलरच्या आतला नंबर

मी दुकानात शिरले तेव्हा एक अनोळखी माणूस दोन्ही हात पसरून उभा होता आणि माझे बाबा त्याच्या छातीचं माप घेत होते.

"बाबा—"

"हलू नका," तो माणूस पुटपुटला. "म्हणजे... मी हलत नाही, तुम्हीही हलू नका. मास्तरांचा आकडा चुकेल."

पाऊण तास मी पायाला भिंगरी लावल्यासारखी सगळे रस्ते पालथे घातले होते. पायात दोन वेगवेगळ्या चपला, हातात तशीच राहिलेली कात्री. आणि हा गृहस्थ मलाच गप्प करत होता.

"अडतीस," बाबा म्हणाले. "लिहा."

त्याने खरोखर वहीत लिहिलं.

हे दुकान पूर्वी आमचं होतं. तीस वर्षं बाबांनी इथे शर्ट आणि कोट शिवले. मग आठवण दगा देऊ लागली, डॉक्टरांनी डिमेन्शिया असं तिचं नाव सांगितलं, आणि दुकान विकून मी शिवणयंत्र घरी आणलं. आता तिथे चष्मे मिळत होते. बाबांच्या पायांना मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं.

"त्यांच्या कॉलरच्या आत माझा नंबर शिवलाय," मी धापा टाकत म्हणाले. "एक फोन करायचात."

"तीन केले."

माझा फोन घरीच राहिला होता, शिवणयंत्रावर. मी जीभ चावली.

त्याने काउंटरवरून एक कापडी पट्टी उचलली. "आल्या आल्या मास्तरांनी ही उसवून काढली. कोणीतरी फार वाईट शिवलीय म्हणाले."

माझे कान तापले. ती मीच शिवली होती, सकाळी, घाईघाईत, नुसत्या धावदोऱ्याने. बाबांना बाकी काहीही विसरता येत होतं, वाईट टाका मात्र सहन होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दाराला कुलूप घातलं. बाबा दिवसभर कडी हलवत उभे राहिले. "गिऱ्हाईक खोळंबलंय गं," म्हणत राहिले. संध्याकाळी रडले ती मी. तिसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला मीच त्यांना त्या चष्मेवाल्याच्या दुकानाच्या कोपऱ्यावर सोडून आले.

पण माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. दादाने परगावाहून बजावलं होतं, आणखी एकदा हरवले तर मी त्यांना घेऊन जाणार. त्याच्या शहरात अशा माणसांसाठी एक घर होतं. स्वच्छ, चांगलं, आणि कडी बाहेरून लावलेली. मी दर अर्ध्या तासाने दुकानात फोन करायची.

"मास्तर आहेत."

"मी अजून काही विचारलंच नाही."

"मग विचारा ना. मीही आहे."

मी फोन ठेवायची. मग उगाचच पुन्हा उचलायची.

सगळी गल्ली मला ताई म्हणते. हा एकटाच कधी म्हणाला नाही, आणि ते माझ्या लक्षात यायला आठवडाही लागला नाही.

त्याने भलताच उद्योग आरंभला होता. न्हावी, औषधवाली, बस डेपोतले कंडक्टर, सगळ्यांना तो स्वतः जाऊन सांगून आला. मास्तरांची चूक काढायची नाही. 'आठवत नाही का' असं विचारायचं नाही. सैल बटण दाखवायचं आणि बसवून घ्यायचं. आणि ते पुढे गेले, तर पुढच्याला कळवायचं.

"तुम्हाला हे सगळं कोणी शिकवलं?"

"आजीने. ती अशीच होती... आम्ही फक्त तिला दारात अडवायचो." तो काच पुसत राहिला. मग एकदम म्हणाला, "तुम्ही सुई ओवताना डोळे बारीक करता. बसा, तपासतो."

"मला वेळ नाही."

"पाच सेकंद माझ्याकडे बघायचं. हलायचं नाही."

पाच सेकंद फार असतात. तिसऱ्याच सेकंदाला मी उठले. "चष्मा लागेल का?"

"सांगता येत नाही. पुन्हा यावं लागेल..."

बाबा आरशातून आमच्याकडे बघत होते. "छाती फुगवू नका," ते त्याला म्हणाले. "माप चुकतं."

मग तो बुधवार आला. दादा अचानक दारात उभा राहिला, आणि धांदलीत मी बाबांना नेहमीच्या कोपऱ्यावर सोडून धावत घरी परतले. अर्ध्या तासाने दुकानात फोन केला, तो कोणी उचलला नाही.

दुकानाचं शटर बंद होतं. काल तो म्हणत होता, "उद्या मी शाळेत, मुलांचे डोळे—" आणि मी 'मास्तर आहेत' एवढं ऐकून फोन ठेवला होता. चूक सर्वस्वी माझी होती.

चांगलाच पाऊस सुरू झाला होता. दादा माझ्यामागून झपाझप येत होता.

"सव्वाअकराला इथून गेले," न्हावी म्हणाला. "गळ्यात टेप होती. मी औषधवालीला कळवलं, ताई."

"डेपोकडे वळले," औषधवाली म्हणाली. "तिथे सांगितलंय. धावू नका, पडाल."

मी धावले.

डेपोच्या खोलीत बाबा खुर्चीवर बसले होते, मांडीवर खाकी शर्ट. समोर चार कंडक्टर नुसत्या बनियनवर रांगेत उभे. आणि शेवटी चिंब भिजलेला चष्मेवाला, मुठीत एक बटण.

"औषधवालीचा फोन आला, शाळेतून तसाच पळत आलो," तो कुजबुजला. "बटण मीच तोडलं. रांगेत उभं राहायला काहीतरी हवं ना."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. काय करावं कळेना, म्हणून त्याच्या ओल्या बाहीला धरून उभी राहिले.

दादा बराच वेळ बघत होता. मग त्याने कोट काढला. "बाबा, याचं एक बटण सैल झालंय."

बाबांनी मान वर केली. "साहेब, रांगेतून या."

दादा मुकाट्याने रांगेत शेवटी गेला. त्याचा नंबर लागेपर्यंत त्याने तीनदा नाक पुसलं. रात्रीच्या गाडीने तो एकटाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी बाबांचा शर्ट आणि नवी पट्टी घेऊन बसले.

"खाली थोडी जागा सोडा," चष्मेवाला म्हणाला. "आणखी एका नंबरासाठी."

"कोणाच्या?"

"माझ्या. तुम्ही फोन घरी विसरता."

"एवढंच कारण?"

"नाही..." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला तू आवडतेस. आणि मास्तरांना कुठेही काही झालं, तर घरच्या माणसाला कळवावं. त्या घरच्या माणसांत मला धर."

मी पट्टीवर माझ्या नंबराखाली त्याचा नंबर लिहिला आणि बारीक तुरपाई घालायला घेतली. एकेक टाका, बाबांनी शिकवला होता तसा. कित्येक महिन्यांत मी इतका वेळ एका जागी बसले नव्हते.

बाबांनी शर्ट ओढून घेतला. कॉलर उलटली. एका हातात टाके उसवायचं ब्लेड होतं. त्यांनी शिवणीवरून नख फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. आम्ही दोघं बघत होतो.

"कोणी शिवली?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ओळख नव्हती, पण कौतुक होतं. ब्लेड खिशात गेलं.

"या मुलीला जाऊ देऊ नका," ते त्याला म्हणाले. "हात चांगला आहे. घाई करत नाही."

"नाही जाऊ देत, मास्तर."

माझा फोन वाजत होता. वाजू दिला.