गाणं संपेपर्यंत

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कुणाच्या मिनतवाऱ्या करणार नाही. पण हे माझ्या सख्ख्या थोरल्या जाऊबाईंच्या बाबतीत घडलंय, आणि त्यांनी ते मला स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगितलंय. त्या खोटं बोलणाऱ्या बाई नाहीत. आयुष्यात एकदाच बोलल्या. ते पुढे येईलच.

आणि रात्रबित्र काही नव्हती. मंगळवारची दुपार होती. दोन वाजून दहा मिनिटं. बाहेर लख्ख ऊन.

जाऊबाई केकच्या कारखान्यात सजावटीचं काम करतात. लांबलचक खोली. मधोमध स्टीलचं टेबल, एका टोकाला भट्ट्या, दुसऱ्या टोकाला फ्रीजरची खोली. माणूस आत शिरून सामान काढू शकेल एवढी मोठी. आत उणे वीस. जाड लोखंडी दार आणि त्या दाराला बशीएवढी गोल काच.

सजावटीच्या कामाला हात फार स्थिर लागतो. क्रीमची पिशवी दाबत गुलाबाची पाकळी काढताना कुणी मागून हाक मारली की संपलंच. रेघ वाकडी, केक वाया, वर मालकीणबाईंची बोलणी.

म्हणून तिथे एक रीत पडली होती. जिच्या कानात इअरफोनवर गाणं आहे तिला हाक मारायची नाही. खांद्याला हात लावायचा नाही. गाणं संपलं की ती मान वर करते, तेव्हा टेबलावर दोनदा टकटक करायची आणि मग बोलायचं.

भट्टीवाले दादा ही रीत पाळायचे नाहीत. "उद्या आग लागली तर काय गाणं संपायची वाट बघू?" असं म्हणून खुशाल ओरडायचे.

पण पॅकिंगची मावशी पाळायची. इतकी पाळायची की सगळे तिला सबुरीमावशीच म्हणत. हातात खोका घेऊन शेजारी येऊन उभी राहायची. पाच मिनिटं, सात मिनिटं. जाऊबाईंचं लक्ष गेलं आणि त्यांनी कानातलं काढायला हात नेला, की हसून म्हणायची...

"चालू दे गं. मी थांबते."

त्या मंगळवारी एक मोठा पाचमजली केक पाच वाजेपर्यंत द्यायचा होता. बाकीचे जेवायला गेले होते. जाऊबाई एकट्याच टेबलाशी होत्या, फ्रीजरच्या दाराकडे पाठ करून. एक कान मोकळा ठेवायचा, असा मालकीणबाईंचा नियम होता. जाऊबाईंनी दोन्ही कानांत घातलं होतं. आणि हात लयीत चालावा म्हणून एकच गाणं लावलं होतं...

संपलं की तेच पुन्हा सुरू होणारं.

मावशी फ्रीजरमध्ये कधी गेली ते त्यांना कळलंच नाही. दाराचा आतला खटका महिनाभर अडकत होता, ते सगळ्यांना माहीत होतं. "करू, करू" म्हणत राहून गेलेलं काम.

साडेतीनला भट्टीवाले दादा केकचे गोठवलेले बेस आणायला फ्रीजरमध्ये गेले, आणि दार उघडताच ओरडत सुटले.

मावशी दाराशी बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच नाजूक होतं, थंडी सोसली नाही.

गोल काचेला आतून दव गोठलं होतं. त्यावर बोटांच्या पेरांच्या खुणा होत्या. दोन... जरा जागा सोडून दोन... पुन्हा दोन.

कळलं ना? तिला काचेतून जाऊबाईंची डुलणारी मान दिसत होती. गाणं चालू आहे हे दिसत होतं. मरताना देखील ती बाई हळूच ठोकत होती, आणि थांबत होती.

चौकशीत जाऊबाई म्हणाल्या, "एकच कान बंद होता माझा. आवाज आलाच नाही."

हेच ते एकमेव खोटं.

नवीन खटका बसला. पॅकिंगला नवीन बाई आली. आठ-दहा दिवसांनी जाऊबाई पुन्हा टेबलाशी उभ्या राहिल्या. आता एकच कान, तोही हळू आवाजात. मनाशी त्यांनी पक्कं ठरवलं होतं, आता कुणाची हाक चुकवायची नाही. जीव गेला तरी नाही.

पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी क्षणभर शांतता असते ना, तेवढ्यात...

टक. टक.

त्यांनी गर्रकन मान वळवली. दाराची काच स्वच्छ होती. दार उघडून पाहिलं, तर आत नुसते बेस आणि पंख्याची घरघर.

त्या परत आल्या. गाणं संपलं.

टक. टक.

त्यांनी कानातलं काढून टेबलावर ठेवलं, म्हटलं यंत्रातच काही बिघाड असेल.

टक. टक... टक. टक... टक. टक.

आता गाणंच नव्हतं. त्यामुळे थांबायचं कारणही नव्हतं.

 त्यांनी पुन्हा कानात घातलं. गाणं सुरू झालं आणि ठोकणं... बंद. अगदी अदबीनं बंद.

तेव्हापासून त्यांना शांतता म्हणून राहिली नाही. घरीदेखील. भांडी घासताना, भाजी निवडताना, झोपताना, गाणं लागलेलंच. आमचे मोठे भावजी थट्टा करायचे, "लग्न केलं होतं बायकोशी, निघालं रेडिओ स्टेशन." जाऊबाई हसायच्या नाहीत. मी एकदा त्यांच्याजवळ तासभर गाणं बंद करून बसले. मला काही ऐकू आलं नाही. पण त्यांचे डोळे दर काही सेकंदांनी दाराकडे जायचे, आणि त्या नुसत्या रडायच्या.

"काय हवंय हो तिला?" त्या मला विचारायच्या. "काहीतरी माग म्हणावं. शिव्या तरी दे म्हणावं."

कारखान्यात आणखी एक झालं. गाडीवाला केकचा खोका उघडाच घेऊन आला.

"ताई, हे असंच लिहायचं होतं का?"

केकवर एका बाईंच्या निवृत्तीच्या शुभेच्छा लिहायच्या होत्या. अक्षर जाऊबाईंचंच होतं, गुलाबी क्रीममधलं, वळणदार.

‘मी थांबते.’

मालकीणबाईंचा संयम संपला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं, कामाच्या जागी गाणी बंद. कुणीही नाही, एकाही कानात नाही. जाऊबाईंनी टोपीखाली लपवून पाहिलं. पकडल्या गेल्या. हात जोडले, पाया पडायच्या बाकी राहिल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "एक जीव गेलाय इथं. मला दुसरा नकोय."

 

मग जाऊबाई मोकळ्या कानांनी काम करू लागल्या. दिवसभर टक. टक. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वेळी जाऊन दार उघडायच्या. दिवसातून साठ-सत्तर वेळा. क्रीम वितळायची, केक खोळंबायचे, नवीन पॅकिंगवाली कुजबुजायची. एकदा तर त्या मोठ्यानं बोलल्या, "मावशी, गाणं नाहीये आता. बोला. काय ते बोला."

कानाशी, अगदी हळू...

"चालू दे गं."

दुसऱ्या आठवड्यात त्या दाराकडे तीसेक वेळा गेल्या. तिसऱ्यात पाच-सहा. माणूस कशालाही सरावतो हो. घड्याळाच्या टिकटिकीला सरावतो तसा.

चौथ्या आठवड्यातला गुरुवार. सकाळचे साडेदहा. जाऊबाई एका केकवर फुलं काढत होत्या. दारावर ठोकल्याचा आवाज आला.

त्यांनी मान वर केली नाही.

पुन्हा आला. जरा जोरात. मग सलग चार-पाच वेळा.

जाऊबाई पिशवी दाबतच म्हणाल्या, "थांबा मावशी. एवढं फूल होऊ द्या."

फूल झालं. मग दुसरं झालं. ठोकणं हळूहळू मंदावलं, आणि त्यांना, खरं सांगते, बरं वाटलं.

पंचवीस मिनिटांनी पॅकिंगवाली बेस आणायला गेली आणि किंचाळली.

भट्टीवाले दादा आत पडले होते. बर्फावरून पाय घसरून मांडीचं हाड मोडलं होतं. उठता येत नव्हतं. नव्या खटक्यापर्यंत हात पोचत नव्हता. एक ट्रे हाताला लागला, त्यानं दाराच्या खालच्या पत्र्यावर ठोकत होते.

दोन्ही कान मोकळे होते जाऊबाईंचे. सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.

दादा वाचले. पायाची दोन बोटं काढावी लागली. जाऊबाई दवाखान्यात भेटायला गेल्या, मी बरोबर होते. त्या खाटेशी बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. दोन्ही कान, तेच ते गाणं, खोटं, सगळं. दादा छताकडे बघत ऐकत होते.

"मी ओरडलो का नाही, विचारा," ते म्हणाले.

जाऊबाईंनी विचारलं नाही. मीच विचारलं.

"ओरडणारच होतो. आपला स्वभाव माहितीये ना. पण मावशी शेजारी बसली होती. माझं मनगट धरलं होतं तिनं. म्हणाली, ओरडू नका दादा, तिचा हात हलेल. गाणं संपलं की बघेल ती. मी पण थांबलेय."

 मला त्या खुर्चीतून उठून पळावंसं वाटत होतं.

जाऊबाई म्हणाल्या, "दादा... रागावलेली होती का माझ्यावर?"

दादांनी मान हलवली.

"राग कसला ताई. तिला थंडी वाजत होती. अजून. दात नुसते कडकड वाजत होते, बोलताही येईना धड."

दुसऱ्या दिवशी जाऊबाई आपली लोकरीची शाल घेऊन गेल्या आणि फ्रीजरच्या सगळ्यात खालच्या फळीवर घडी करून ठेवली. संध्याकाळी मालकीणबाईंनी ती काढून हातात दिली. खायच्या मालाजवळ लोकर चालत नाही, तसा नियमच आहे. बरोबरच आहे त्यांचंही. जाऊबाईंनी आणखी दोनदा ठेवली. दोन्ही वेळा परत आली. आता पुन्हा ठेवलीत तर घरी बसा, असं स्पष्ट सांगितलंय.

त्या अजून तिथेच कामाला आहेत. सोडा म्हटलं तर म्हणतात, मी गेले तर तिथे तिचं कोण आहे?

काल भाजी निवडता निवडता मला विचारत होत्या, शाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली तर चालेल का. पण मग ती तिला पांघरता कशी येईल.